प्रत आणि परत

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आत्याने आधी देव उचलले, मग घराच्या कागदपत्रांची पिशवी, मग तांदळाचा डबा. तिन्ही गोष्टी माळ्यावर पोचवून ती जिन्यात टेकली आणि तेव्हा तिला कॉम्प्युटर आठवला. वाकून बघते तर टेबलाखालचा डबा केव्हाच बुडाला होता. मॉनिटर तेवढा गढूळ पाण्यावर डोकं काढून होता. थोड्या वेळाने तोही दिसेनासा झाला.

त्या डब्यात तिची सगळी नोकरी होती असं म्हटलं तरी चालेल. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. बदली होईल त्या गावात बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, हळदीची, डोहाळजेवणाची गाणी ऐकायची आणि वहीत उतरवून घ्यायची. निवृत्त झाल्यावर टायपिंग शिकली आणि एका बोटाने सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवल्या. वह्यांना वाळवी लागली होती, म्हणून चढवून झालेली वही ती टाकून देत गेली. गाणी सांगणाऱ्या बायकांपैकी बऱ्याचजणी आता नाहीत.

बॅकअप? होता की. मीच तिला बजावलं होतं, ‘आत्या, पेन ड्राइव्हवर एक कॉपी ठेवत जा.’ ती दर रविवारी इमानेइतबारे ठेवत होती. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असायचा. टेबल मोडलं आणि खण कुठे गेला ते अजून कळलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर शेजारच्या मुलाने चांगल्या मनाने डबा उघडला, हार्ड डिस्क काढून दोन दिवस उन्हात वाळवली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. पुढे ती डिस्क मी पुण्यात एका डेटा काढून देणाऱ्याकडे नेली, तेव्हा त्याने तोंडानेच टक्, टक्, टक् असा आवाज काढून विचारलं, ‘असं वाजली ना?’ वाजली होती. मग त्याने मला जे समजावलं ते पूर येणाऱ्या प्रत्येक गावात भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारी मुंडी तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगते. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. आतबाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बहुतेक डिस्कना एक बारीक भोक असतं, गाळणी लावलेलं. त्याने धूळ अडते, पुराचं पाणी अडत नाही. पाणी वाळलं की गाळ तबकडीवर बसतो आणि वीज दिली की मुंडी त्याच्यावर खरवडत जाते. म्हणून भिजलेली डिस्क वाळवायची नाही, तांदळात पुरायची नाही, जोडून तर मुळीच बघायची नाही. ओली आहे तशी पिशवीत घट्ट बांधून जाणत्या माणसाकडे न्यायची. खर्चाचा जो अंदाज त्याने सांगितला त्यात आत्याचा नवा कॉम्प्युटर आला असता, आणि वर गाणी मिळतील याची हमी नाही. डिस्क मी परत घेऊन आलो. ती अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही.

वाचलं ते वेगळ्याच मार्गाने. २०१६ साली आत्याने मला एक ईमेल पाठवली होती. ‘शुद्धलेखन बघ रे जरा’ एवढंच लिहून सोबत सगळ्या फाइलींचं गाठोडं. ते मी कधी सोडलंच नाही. पाच वर्षं इनबॉक्समध्ये पडून राहिलेल्या त्या गाठोड्यात तिची निम्म्याहून जास्त गाणी निघाली. माझा आळस आमच्या घराण्याच्या कामी आला तो एवढाच.

या विषयावर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की असल्या आळसाच्या आणि अपघाताच्या जोरावर मोठमोठी घराणीही तरली आहेत. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना कुणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पात्रं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. बॅकअप होता. उघडून बघितला तेव्हा कळलं की तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता आणि कुणी तपासलंही नव्हतं. चित्रपटाच्या तांत्रिक प्रमुख गॅलिन सुसमन यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्यामुळे त्या घरून काम करायच्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची बऱ्यापैकी ताजी प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर बाळासारखा बांधून स्टुडिओत आणला गेला. (एवढं करून वाचवलेल्या चित्रपटाची गोष्ट नंतर पसंत पडली नाही म्हणून त्यातलं बरंचसं काम स्टुडिओने आपण होऊन पुन्हा केलं, ही गंमत निराळी.)

दुसरी हकिकत आपल्या दारातली. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडत गेले. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जाळ्याची सगळी ओळखपाळख ज्या सर्व्हरांवर नोंदलेली असते असे दीडशेच्या आसपास सर्व्हर त्यांच्याकडे होते, जगभर विखुरलेले. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणजे एक गेला तर दुसरा त्याची जागा घेईल. सगळे एकदम जातील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचला तो एकच, घानामधल्या कचेरीतला. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! महावितरणच्या ग्राहकाला या वाक्याचा आनंद वेगळा सांगायला नको. घानातल्या इंटरनेटवरून तेवढी माहिती पाठवायला फार दिवस लागले असते आणि तिथल्या माणसांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून त्यांच्यातला एकजण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि दुसऱ्याने ती लंडनला पोचवली.

ईमेल, बाळ, भारनियमन. तिन्ही ठिकाणी वाचलेली प्रत दुसऱ्या जागी होती आणि मूळ प्रतीपासून तुटलेली होती. फरक इतकाच की ती तिथे असावी असं कुणी ठरवलं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअप निवडायचा म्हणजे हा योगायोग ठरवून घडवायचा. आणि मराठीत या सगळ्या प्रकरणातली मेख एका अक्षराची आहे. आपण प्रत काढतो आणि निर्धास्त होतो. विचारायला हवं ते परत मिळेल का.

नव्या कॉम्प्युटरच्या वेळी आत्याने मला वेठीला धरलं. ‘तुझं ऐकून एकदा बुडाले. आता नीट चौकशी करून सांग.’ म्हणून मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो.

जाण्याआधी एक केलं, ते सगळ्यांनी करावं. काय काय जपायचं आहे आणि ते किती आहे ते मोजलं. टाइप केलेली सगळी गाणी मिळून भरली ४० एमबी. मोबाइलवर गाणाऱ्या बायकांचे आवाज टिपलेले होते ते आणि फोटो धरून ६० जीबी. बाकी कॉम्प्युटरमध्ये जे काही होतं ते विंडोज आणि प्रोग्रॅम, म्हणजे पुन्हा घालता येण्यासारखं. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचं यंत्र काढलं, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावायची जेमतेम ५ एमबीच्या आसपास माहिती. आत्याच्या ओव्यांना असली आठेक यंत्रं लागली असती, म्हणजे चिपळुणात घर नव्हे, गोडाऊन. आज प्रश्न जागेचा नाही. एक टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क बऱ्या मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्तात येते. (ती जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं आणि लोक दुकानदाराशी भांडायला येतात. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने मोजतं. दोघेही खरे.)

गल्लीत पहिल्या दुकानात मला डिस्कऐवजी एसएसडी घ्या म्हणून आग्रह झाला. लहान, वेगवान, आपटली तरी बिघडत नाही. रोजच्या कामाला उत्तमच. पण कपाटात ठेवून द्यायची प्रत म्हणून मला ती पटली नाही. एसएसडीत अक्षरं विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असतात आणि वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू झिरपतो. या उद्योगाचं मानक आहे ते घरगुती एसएसडीकडून, तिचं लिहिण्याचं आयुष्य पुरतं वापरून झाल्यावर, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष वीज न देता माहिती टिकावी एवढीच अपेक्षा ठेवतं. नवी एसएसडी त्याहून बरीच टिकेल. पण कोकणातला मे महिना आणि कपाटाचा तळ यांचा विचार करता फिरती तबकडी बरी वाटली. पेन ड्राइव्ह त्याच जातीचा, पण बहुधा हलक्या मालाचा. त्यात बनावट माल फार. ‘दोन टीबी’ छापलेल्या पेन ड्राइव्हमध्ये खरी जागा चिमूटभर असते. तो हवं तितकं गिळतो, कुरकुर करत नाही आणि वाचायला जाल तेव्हा रिकामी फाइल हातात ठेवतो. स्वस्तातला माल घेतलाच तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा जुना, फुकट जर्मन प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण जागा भरून आणि पुन्हा वाचून बघतो. रात्रभर चालतो, पण सकाळी खरं काय ते कळतं.

डीव्हीडीचं नाव काढल्यावर दुकानदार हसला. त्याच्याकडे कोऱ्या डीव्हीडीचा एक डबा होता, पण त्या वाचणारा लॅपटॉप दुकानात एकही नव्हता. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं थांबवलं. माध्यम टिकतं, ते वाचणारं यंत्र टिकत नाही.

सर्वांत मोठा मोह नॅसचा झाला. घरातल्या वायफायला जोडलेली छोटी पेटी, आत दोन डिस्क, एक गेली तरी दुसरी चालू. मी जवळजवळ घेतलीच होती. मग आत्याचं घर डोळ्यांसमोर आणलं. ती पेटी चोवीस तास चालणार, तिला यूपीएस लागणार, तिचं सॉफ्टवेअर वेळोवेळी ताजं करायला हवं आणि ती राहणार त्याच खोलीत, त्याच पुराच्या रेषेखाली. दोन डिस्कांवर एकच गोष्ट लिहिण्याच्या या युक्तीला रेड म्हणतात. एक डिस्क मेली तर ती उपयोगी. पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून पुसते, तीही तत्परतेने. चार माणसांच्या घरात, ज्याला या खटाटोपाची हौस आहे असा कुणी असेल, तर नॅस छान. एकट्या सत्तरीच्या बाईला नाही.

कोणत्या कंपनीची डिस्क घ्यावी, यावर गल्लीत प्रत्येकाचं मत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कांच्या मरणाची आकडेवारी जाहीर करते. अलीकडची काही वर्षं शंभरातल्या एक-दीड डिस्क वर्षाला जातात असं तिथे दिसतं. मॉडेलनुसार फरक पडतो, पण कुठलीच कंपनी अमर नाही. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला, त्यात असं आढळलं की मेलेल्यांपैकी पुष्कळ डिस्कांनी आधी कसलीही धोक्याची खूण दिली नव्हती. म्हणून मी नावाचा विचार सोडला आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या दुकानांतल्या दोन डिस्क घेतल्या. एकाच खोक्यातले भाऊ एकाच वेळी आजारी पडू नयेत एवढ्यासाठी.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने डिजिटल फोटो कसे जपावेत यावरच्या आपल्या पुस्तकातून तीन-दोन-एक हा नियम लोकप्रिय केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आत्याला मी तो सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘घराबाहेर म्हणजे शेजारी?’ शेजाऱ्यांच्याही घरात पाणी होतं. २०२१ च्या त्या पुरात लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातली पुस्तकंही भिजली. घराबाहेर म्हणजे दुसऱ्या नदीच्या काठी.

कोकणात या दुसऱ्या काठाची सोय आधीपासून आहे. चाकरमानी गणपतीला येतो आणि शिमग्याला येतो. मी ठरवलं की एक डिस्क आत्याकडे, एक माझ्याकडे पुण्यात. गणपतीत अदलाबदल, शिमग्याला पुन्हा अदलाबदल. सहा-सात महिन्यांपेक्षा जुनी प्रत कधी उरणार नाही. मधल्या काळात नव्याने टाइप केलेलं जाऊ नये म्हणून क्लाउड.

क्लाउडबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे. ‘माझं सगळं गूगलवर आहे’ म्हणणाऱ्यांचं खरोखर सगळं गूगलवर असतं, पण तो बॅकअप नसतो, तो आरसा असतो. इकडे फाइल पुसली की तिकडे पुसते. कचऱ्याच्या डब्यात ३० दिवस राहते आणि मग जाते. मर्स्कचे ते दीडशे सर्व्हर आठवा. शिवाय फुकट जागा तोकडी: गूगलची १५ जीबी, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपलची ५-५. विंडोजमध्ये ‘विंडोज बॅकअप’ नावाचं जे अ‍ॅप आहे तेही मुख्यतः या ५ जीबीच्या वनड्राइव्हकडेच बोट दाखवतं. आत्याने पहिल्या आठवड्यात त्याच्यावरचं बटण दाबून ‘झालं बॅकअप’ म्हणून मला कळवलं होतं. फोटोंनीच ते ५ जीबी भरले होते, गाणी रांगेत उभी होती. आवाजाच्या फाइली आणि फोटो क्लाउडवर चढवायचं मी पहिल्यापासूनच सोडून दिलं. वर चढवायचा वेग १० एमबीपीएस धरला तर ६० जीबीला सलग १३ तासांहून जास्त लागतात, आणि चिपळुणात पावसाळ्यात सलग १३ तास काही चालतं ते फक्त पाऊस. ४० एमबीची गाणी मात्र फुकटच्या जागेत सुखाने मावतात. सगळं एका जागी जायला हवं असं थोडंच आहे?

आणि फुकटावर संसार मांडू नये. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. क्रॅशप्लॅनची घरगुती सेवा २०१८ मध्ये संपली. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती, जी मी स्वतः चार लोकांना घालून दिली होती, २०२४ च्या सुरुवातीला बंद पडली आणि चौघांचे फोन मला आले.

यातून सॉफ्टवेअर निवडायची माझी कसोटी तयार झाली. ते सॉफ्टवेअर उद्या नाहीसं झालं तर माझी फाइल उघडेल का? बरेच बॅकअप प्रोग्रॅम सगळं दाबून आपल्या खास गाठोड्यात बांधतात. जागा वाचते, कुलूप लावता येतं, पण ते गाठोडं त्यांच्याशिवाय कुणाला सोडता येत नाही. विंडोजमधली फाइल हिस्टरी ही जुनी सोय, २०१२ च्या विंडोज ८ पासूनची, आता कंट्रोल पॅनलच्या अडगळीत ढकललेली. पण ती फाइल आहे तशीच ठेवते, नावापुढे फक्त तारीख-वेळ जोडते. कुठल्याही कॉम्प्युटरला डिस्क लावा, दोनदा क्लिक करा, उघडते. डिस्क जोडलेली असली की तासातासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत घेते आणि जुन्या ठेवून देते. आत्यासाठी मी हीच निवडली. अ‍ॅपलवाल्यांना टाइम मशीन आहे, २००७ पासून, आणि खरं सांगायचं तर घरगुती बॅकअप इतका सोपा दुसऱ्या कुणी केलेला नाही. शेवटच्या दिवसाच्या तासाच्या प्रती, महिन्याच्या दिवसाच्या, त्यामागच्या आठवड्याच्या, असं ते आपण होऊन विरळ करत जातं. लिनक्सवाले आपलं आपण बघून घेतात. त्यांना सल्ला द्यायला गेलं की तेच दोन तास सल्ला देतात.

अख्ख्या कॉम्प्युटरचा, विंडोजसकट, छाप घेणारे प्रोग्रॅमही असतात. व्हीमची फुकट आवृत्ती आहे, क्लोनझिला आहे. ज्याच्या कॉम्प्युटरवर जुनी, पुन्हा न मिळणारी सॉफ्टवेअर बसवलेली आहेत त्याने वर्षातून दोनदा असा छाप घ्यावाच. फाइलींच्या बॅकअपची जागा तो घेत नाही.

माझा स्वतःचा एक मूर्खपणा इथे नोंदवतो. दोन फोल्डर सारखे करून देणारा एक प्रोग्रॅम मी वर्षानुवर्षं वापरत होतो. डावीकडे मूळ, उजवीकडे प्रत, मध्ये बाण. एका रात्री नवी कोरी डिस्क लावली आणि बाण उलटा राहिला. कोऱ्या डिस्कसारखा माझा फोल्डर झाला. प्रोग्रॅमने सांगितलेलं काम चोख केलं होतं. तेव्हापासून जुन्या प्रती जपून न ठेवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मी बॅकअप म्हणत नाही.

जुन्या प्रतींचं दुसरं कारण सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांनी दाखवलं. त्यांच्या दुकानात कुणीतरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवलं आणि त्यातून खंडणीखोर व्हायरस आला. स्टॉप किंवा दजव्हू म्हणतात त्या जातीचे व्हायरस घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या कॉम्प्युटरवर बहुतेक असेच येतात. सकाळी सगळ्या फाइलींच्या नावाला अनोळखी शेपटी फुटली होती आणि एकही उघडत नव्हती. बॅकअपची डिस्क होती, पण ती चोवीस तास जोडलेली असायची. तिच्यावरही तेच. काका म्हणाले, ‘साहेब, चावी कुलपातच ठेवून झोपलो होतो.’ आता ते शनिवारी डिस्क लावतात, काम झालं की काढून कुलूपबंद करतात. आत्याकडेही तोच नियम: रविवारी सकाळी डिस्क लावायची, पूजा होईपर्यंत राहू द्यायची, ‘सेफली रिमूव्ह’ म्हणून काढायची. मध्येच वीज गेली तर? म्हणून डिस्क एनटीएफएस पद्धतीने आखून घेतली. ती काय लिहायला घेतलं होतं याची नोंद ठेवते, त्यामुळे अर्धवट कामातून सावरते. दुकानातून पुष्कळदा एक्सफॅट येते, तिच्यात ही नोंद नसते.

याच काकांकडे मी २०१६ चं ते गाठोडं घेऊन गेलो होतो. कारण ते उघडलं आणि गाण्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं यांचा चिवडा दिसला. आत्याने टाइप केलं ते युनिकोडमध्ये नव्हतं. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, अशा प्रत्येक व्यवस्थेची अक्षरं बसवायची आपापली रीत होती आणि जवळ तो फॉन्ट नसेल तर मजकुराचा असाच चिवडा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, पण मराठी टंकलेखनाची एक अख्खी पिढी, दिवाळी अंकांसकट, या जुन्या फॉन्टांत पडून आहे. काकांनी एका नजरेत फॉन्ट ओळखला, लावला आणि पडद्यावर गाणं उमटलं. मग त्यांनी ते युनिकोडमध्ये बदलून दिलं. बदलताना काही जोडाक्षरं फुटली, रफार पुढच्या अक्षरावर गेले. आत्या ते महिनोन्महिने दुरुस्त करत होती. तेव्हा मला एकनाथांची आठवण झाली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकलांवर नकला होताना अपपाठ घुसले होते. प्रतींची संख्या भरपूर होती, प्रश्न होता कोणती खरी याचा. आता आत्याच्या डिस्कवर ‘फॉन्ट’ नावाचा एक फोल्डर आहे, प्रत्येक गाण्याची पीडीएफ आहे आणि मूळ चिवड्याची फाइलही आहे.

एक कागदही आहे. नव्या विंडोज ११ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की पुष्कळदा आतली डिस्क आपोआप कूटबद्ध होते. चोरीला गेला तर चांगलंच. पण मदरबोर्ड जळला आणि ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसेल तर मालकही चोराच्याच रांगेत. ती की आम्ही खात्यातून शोधून कागदावर लिहिली. आत्याने तो कागद एलआयसीच्या फाइलीत ठेवला. तिच्या मते घरात यापेक्षा सुरक्षित जागा नाही, आणि पुराच्या वेळी ती फाइल खरोखरच माळ्यावर गेली होती.

गेल्या शिमग्याला पहिली अदलाबदल व्यवस्थित पार पडली. आत्याने डिस्क जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, वर दोरा बांधून, कोकमाच्या पिशवीत घालून दिली. चिकटपट्टीवर तिच्या शिक्षिकेच्या अक्षरात तारीख. पुण्याला आलो, डिस्क कपाटात ठेवली, त्या मेलेल्या डिस्कच्या शेजारी, आणि कामाला लागलो.

चार दिवसांनी रात्री फोन आला.

‘अरे, नेलीस ती उघडून बघितलीस का?’

‘बघतो गं आत्या. सगळं असणारच त्यात.’

‘असणारच काय? पेन ड्राइव्हमध्येही असणारच होतं. लाव आत्ता. मी फोन धरून आहे.’

लुगड्याचा दोरा सोडला, डिस्क लावली. तिने वही समोर ठेवली होती, नवी वही, कारण हल्ली ती पुन्हा हातानेही लिहायला लागली आहे. ‘हळदीची गाणी, चौदा नंबर उघड. तिसरी ओळ वाच.’

मी वाचली.

पलीकडे थोडा वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाली, ‘ही जुनी. परवा शिरगावच्या एका म्हातारीने मला वेगळी म्हणून दाखवली, मी बदलली ती.’

‘मग हिच्यावर नवी चढवू का?’

‘नको. जुनीपण राहू दे. कोण जाणे, तीच बरोबर असेल.’